नाहीतर उचलून नेऊ!

संगणक शिकवावा तर मीच! माउसला हात लावताना घाम फुटणारा माणूससुद्धा माझ्यासमोर तासाभरात तरबेज होतो, अशी माझी ख्याती आहे. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो. त्यामुळे बायकोच्या मावशींनी त्यांच्या संस्थेत शिकवायला बोलावलं, तेव्हा मी भल्या सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालूनच गेलो.

मावशी निवृत्त नर्स. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना त्यांची संस्था वॉकर, व्हीलचेअर, लोखंडी कॉट असं सगळं फुकट वापरायला देते. काम झालं की वस्तू परत करायची, एवढीच अट. आणि नेमकी तीच कुणी पाळत नाही!

"जावईबापू, फोन करकरून घसा बसला हो माझा!"

"मावशी, आता घसा नाही, बोट वापरायचं! एक बटण दाबलं की मेसेज सगळ्यांच्या घरी!"

सगळ्यांचे नंबर मी आधीच भरून ठेवले होते. नमुना म्हणून एक जरबेचा मजकूर टाइप केला : 'संस्थेला आजच परत करावे. नाहीतर आमची माणसे घरी येऊन उचलून नेतील.'

"हे बघा, हे बटण. आत्ता दाबायचं नाही हं, मी नुसतं दाखवतोय..."

"दाबलंत का?" मावशींनी विचारलं.

दाबलं होतं!

पाचच मिनिटांत फोन खणखणला. एक सूनबाई होत्या.

"अहो, कधी नेताय? आजेसासूबाईंची पिशवी भरून ठेवलीय. गोळ्यापण टाकल्यात!"

"ताई, त्यांना नाही न्यायचं! कॉट न्यायचीय!"

पलीकडून एकदम पडलेला आवाज आला, "फक्त कॉट?"

मी घाईघाईने दुसरा मेसेज सोडला : 'घाबरू नये. आज फक्त चाचणी आहे.' आता सगळं निवळणार, म्हणून निवांत टेकून बसलो.

थोड्या वेळाने एक गृहस्थ आत आले आणि त्यांनी माझ्या लॅपटॉपशेजारी एक छोटी बाटली ठेवली. कोमट होती.

"हे काय?"

"सकाळची पहिली आहे. चाचणीला हीच लागते ना?"

त्यांच्यामागे बाहेरच्या फाटकापर्यंत रांग! कुणी बाह्या वर करून उभं, कुणी उपाशीपोटी आल्यामुळे चिडलेलं. त्या रांगेतून वाट काढत पहिला मेसेज वाचलेले लोक सामान आणत होते. काठ्या, कुबड्या, कपडे वाळत घालून गंजलेले वॉकर, मांजर बाळंत झालेली गादी!

आणि या गोंधळात एक निवृत्त हेडमास्तर स्वतः व्हीलचेअर ढकलत आले. म्हणजे चाकं हातांनी फिरवत, तिच्यातच बसून! बाकाला धरून त्यावर सरकले आणि खुर्ची माझ्याकडे लोटून म्हणाले, "घ्या. मला कुणी उचलून नेलेलं चालत नाही."

"सर, तुम्ही परत कसे जाणार?"

"तो विचार तुम्ही लिहिताना करायचा होता. 'उचलून नेतील.' काय नेतील? वाक्यात कर्म कुठे आहे?"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे कर्म नव्हतं. भोग तेवढे होते.

सरांना मी पुन्हा खुर्चीत बसवलं आणि चढावर ढकलत घरी पोचवलं. वाटेत त्यांनी माझ्याकडून 'तसदीबद्दल क्षमस्व'चं शुद्धलेखनही करून घेतलं. मग मावशींच्या हुकमावरून, ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्या काठ्या-कुबड्या दारोदार परत देत फिरलो. इस्त्रीचा शर्ट कुठल्यातरी दाराच्या खिळ्याला अडकून फाटला.

संध्याकाळी परतलो तर मावशींचा चेहरा फुललेला! वर्षानुवर्षं लोकांच्या माळ्यावर पडलेलं सामान कोठीत रचलं होतं आणि कॉटसाठी ताटकळलेल्या रुग्णांना त्या एकेक करून फोन लावत होत्या.

माझी छाती पुन्हा फुगली. "बघा! प्रशिक्षणाचा फायदा झाला की नाही?"

"झाला तर! पुढच्या महिन्यातलंसुद्धा ठरवलंय मी."

"वा! काय शिकवू?"

"तुम्ही काही शिकवायचं नाहीये, जावईबापू," मावशी प्रेमाने म्हणाल्या. "सोपं मराठी कसं लिहावं, यावर हेडमास्तर बोलणार आहेत. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय."