न थुंकणारा परीक्षक

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यातलं कळायचं. तसं ते बहुतेक जंगलांत कळतंच, पण इथे जरा जास्त कळायचं. हसू नका मुलांनो, तुमच्याही घरी असे एक काका असतीलच.

त्या जंगलात केरबा नावाचं एक अस्वल होतं. केरबा हा दरबारचा चाखणारा. कुठलंही पेय आधी त्याने प्यायचं, मग बाकीच्यांनी. या कामाबद्दल त्याला ओढ्याकाठचं मोहाचं झाड मिळालं होतं. काम आहे तोवर झाड, असा कायदा होता. झाड त्याच्या बापाकडे होतं, आज्याकडेही होतं. फुलं पडायला लागली की केरबा, त्याची बायको आणि दोन पिल्लं तिथे मान खाली घालून खायला बसायची, ती उन्हं चढली तरी उठायची नाहीत. केरबाला जगात दुसरं काही नको होतं.

त्याची चाखायची रीत साधी होती. समोर येईल ते तो पूर्ण प्यायचा आणि मग त्या झाडाला फेऱ्या मारायचा. किती फेऱ्या सरळ गेल्या आणि कितव्या फेरीला आपण आडवे झालो, तेवढंच येऊन सांगायचा. ताडीच्या अकरा फेऱ्या. आंबलेल्या जांभळांच्या नऊ. प्राणी त्या बेताने प्यायचे आणि आपापल्या बिळात धड पोचायचे. त्याबद्दल केरबाचे आभार कुणी मानले नाहीत. धड घरी पोचल्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतं?

एका हिवाळ्यात करकोच्यांनी बेल्जियम नावाच्या देशातून एक मोठी बाटली आणली. आत सोनेरी एल होती. एल म्हणजे बियरच हो, पण तसं म्हटलं की तिच्या चाहत्यांना राग येतो. रंग कोवळ्या उन्हाचा, वर बोटभर पांढरा फेस, आणि दिसायला इतकी गरीब की सरबत म्हणून आत्याबाईंना द्यावी. करकोचे म्हणाले, पसंत पडली तर महाराजांच्या वाढदिवसाला पिंपं भरून आणू. करकोचे पिंपं कशी उचलणार, ते विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर गप्प बसा.

महाराज म्हणजे सिंह. त्यांच्या दरबारात नुकतेच श्रीरंगपंत उदमांजर दाखल झाले होते. पंतांचं घराणं कॉफीतलं. कॉफीशी त्यांचं नेमकं नातं काय, ते मी जेवणाआधी सांगणार नाही. पंत महाराजांना म्हणाले की परीक्षण ही कला आहे, केरबा करतो ते नुसतं पिणं. महाराजांना पटलं. जो शेवटी बोलेल त्याचं महाराजांना पटायचंच. मग ठरलं की दोघांनी ही एल चाखावी, आणि ज्याचं परीक्षण सरस ठरेल तो दरबारचा चाखणारा. केरबाला काम जायची भीती नव्हती, पण कामाबरोबर झाड जाणार होतं.

आधी पंत बसले. त्यांनी द्रोण नाकारला आणि कमळाच्या कळीसारखा, पोटाला फुगीर, तोंडाशी आवळलेला पेला मागवला. फेस किती वेळ टिकतो ते डोळे बारीक करून पाहिलं. पेल्यात नाक घातलं, काढलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा घातलं. मग एक घोट तोंडात इकडून तिकडे खळखळवला आणि शेजारच्या घंगाळात चक्क थुंकला.

दरबार गार पडला. सातासमुद्रापलीकडचं पेय जो थुंकतो, तो केवढा मोठा असेल!

"पिकल्या नाशपतीचा सुवास," पंत म्हणाले. "मग धणे. मागून पांढरी मिरी. शेवटी संत्र्याच्या सालीचा कोरडा कडवटपणा. आणि अंगाने अत्यंत हलकी. पहाटेचं दवच जणू."

नाशपती त्या जंगलात कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

उरलेली बाटली केरबाने तोंडाला लावली आणि संपवली. खोटं कशाला सांगू, त्याला ती फार आवडली. धण्याचा वास त्यालाही आला. पहिली फेरी सरळ गेली, दुसरीही गेली. हे तर पाणीच आहे, असं त्याला वाटलं. तिसऱ्या फेरीला झाड उजवीकडचं डावीकडे गेलं आणि चौथीच्या मध्यावर केरबा जमिनीवर पसरला. दुपार कलल्यावर तो उठला आणि दरबारात जाऊन जड जिभेने, पण शब्द जुळवून म्हणाला, "चांगली आहे. हलकी वाटते, हलकी नाही. साडेतीन फेऱ्यांची आहे. दोन द्रोणांच्या वर कुणी घेऊ नये."

पंतांना फार वाईट वाटल्यासारखं दिसलं. "महाराज, हा प्यायलेला आहे," ते हळूच म्हणाले. "प्यायलेल्याचं मत कसं धरायचं?"

कुणालाच ते धरता येईना. निकाल वाढदिवसानंतर लावायचा ठरला आणि पिंपं मात्र लगेच मागवली.

वाढदिवसाच्या सकाळी केरबा एकेकापाशी जाऊन हात जोडून सांगत होता, दोन द्रोण, फक्त दोन. हत्तीने त्याला समजावलं की बाबा, हे दव आहे, आणि पिंपात सोंड घातली. दुपारपर्यंत हत्ती वारुळावर डोकं टेकून आईच्या आठवणीने रडत होता. दोन रानडुकरं एकमेकांची माफी मागून दमली होती. साळिंदर सगळ्यांना मिठ्या मारत होतं आणि कुणालाही काही टोचत नव्हतं. महाराजांनी अकरा द्रोण घेतले, खडकावर चढले आणि आजपासून आपण फक्त गवत खाणार असं फर्मान काढून त्यावर पंजा उमटवला.

दुसऱ्या दिवशी महाराजांचं डोकं ठणकत होतं, आणि समोर हरणं निवांत चरत होती. फर्मान रद्द करायचं तर महाराज शुद्धीत नव्हते असं म्हणावं लागणार, आणि महाराज शुद्धीत नसणं कायद्यात बसत नव्हतं. म्हणजे कुणावर तरी खापर फोडणं आलं. चौकशी समिती नेमायची ठरली. अध्यक्ष असा हवा होता, जो त्या दिवशी शुद्धीवर होता. पंत दिवसभर थुंकत होते, त्यामुळे ते ठणठणीत होते. केरबानेही दोनच द्रोण घेतले होते, पण दरबारी दप्तरात तो आधीच प्यायलेला म्हणून नोंदलेला होता.

समितीचा अहवाल छोटा होता. धोका केरबाला माहीत होता. तरी त्याने तो इतक्या साध्या शब्दांत सांगितला की कुणाचा विश्वास बसला नाही. सबब दोष केरबाचा.

केरबा भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "फुलं पडायला पंधरा दिवस आहेत. तेवढी खाऊन जाऊ का?"

विनंतीची नोंद घेण्यात आली, आणि केरबा बायको-पिल्लांना घेऊन पलीकडच्या उघड्या टेकडीवर गेला. काम आणि झाड पंतांकडे गेलं, पण त्यांना मोहाचा वास उग्र वाटायचा. त्या वर्षी फुलं झाडाखाली कुजली.

पुढच्या हिवाळ्यात करकोच्यांनी आणखी कडक, काळसर एल आणली. पंतांनी तिच्यावर चाळीस ओळी लिहिल्या. महाराजांना मात्र मागची डोकेदुखी आठवत होती. त्यांनी एका म्हाताऱ्या कावळ्याबरोबर गुपचूप एक बुधली टेकडीवर पाठवली. निरोप असा होता की झाड परत देता येणार नाही, पण महाराजांचं प्रेम आहे. किती द्रोण घ्यावेत, तेवढं खासगीत कळवावं.

केरबाने बुधली उघडली. एक घोट तोंडात घेतला, इकडून तिकडे खळखळवला आणि खडकावर थुंकला.

"काय सुरेख आहे," तो कावळ्याला म्हणाला. "मनुका, गूळ, थोडा जळक्या पावाचा वास. महाराजांना म्हणावं, मनसोक्त घ्या."

तात्पर्य काढायचंच असेल तर हे काढा : परीक्षण करणाऱ्याने कधी गिळू नये. गिळलं की खरं काय ते कळतं, कळलं की सांगावंसं वाटतं, आणि सांगितलं की राहतं घर सोडावं लागतं. तेव्हा मुलांनो, लहानपणीच थुंकायला शिका.