सात बोटी आणि एक फूट

मेविस टनिक्लिफने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या. भाड्याची बोट, तीन दिवस, तीन मुक्काम. प्रत्येक मुक्काम ठरलेल्या जागी आणि संध्याकाळी सहाच्या आत. एक जरी हुकला, तर घर विकून कालव्यावर राहायला जायचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. खाली तिची सही, आणि तिच्या सहीखाली डेस्मंडची, पट्टी लावून काढल्यासारखी सरळ.

डेस्मंडने एकतीस वर्षं जिल्ह्याच्या बसगाड्यांची वेळापत्रकं केली होती. रिटायर झाल्यापासून त्याला एकच ध्यास होता, की घर विकायचं, एक लांबुळकी बोट घ्यायची आणि कालव्यावर म्हातारपण काढायचं. मेविसला घर सोडायचं नव्हतं. घरामागे तिची डेलियाची फुलं होती आणि पुढे तिची गल्ली होती, जिथे गेली एकोणीस वर्षं शेजारीण तिला रोज "हवा बरी आहे" एवढंच म्हणायची.

"सहा म्हणजे सहा," मेविस म्हणाली होती. "सहा वाजून एक मिनिट झालं तरी तुझी बोट बुडाली."

"मंजूर," डेस्मंड म्हणाला होता. "मी वेळापत्रक केलंय."

केलंच होतं. प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेलं, तीन रंगांत. चहा कधी, पाणी कधी भरायचं, कोणतं लॉक किती मिनिटांत. कालव्याला टेकडी चढायची झाली की अशी लॉकं लागतात. बोट एका उभ्या हौदात घालायची, मागचं दार लावायचं, हँडल फिरवून वरचं पाणी आत सोडायचं, की बोट लिफ्टसारखी वर. मग पुढचं दार पाठीने ढकलून उघडायचं आणि पुढच्या हौदाकडे निघायचं. डेस्मंड बोट चालवणार, मेविस हँडल फिरवणार आणि दारं ढकलणार, असं ठरलं होतं. कारण उघड होतं. डेस्मंडची कंबर.

पहिला मुक्काम पाच वाजून पाच मिनिटांनी झाला. दुसरा पाचला दहा कमी असताना. मेविसने त्या रात्री बटाटे जरा जास्तच जोरात कुस्करले.

तिसरा दिवस शनिवार. अकरा लॉकं, आणि ती चढून गेल्यावर 'तीन बगळे' नावाच्या पबसमोर मुक्काम. डेस्मंडने आधीच फोन केला होता. तिथे सात बोटींची जागा होती आणि शनिवारी चार वाजेपर्यंत निम्मी तरी रिकामी असायची. वेळापत्रकात लिहिलं होतं : आगमन चार वाजून दहा मिनिटं. सहा वाजता पबमध्ये टेबल. कोंबडी आणि मशरूम भरून भाजलेली पाई, दोन.

चौथ्या लॉकपाशी डेस्मंडने घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं लवकर आहोत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघून असा हसला की मेविसला तिची डेलिया उपटली जाताना दिसली.

नेमकी त्याच वेळी मागून एक बोट आली. कोळशाने भरलेली, तांबड्या दाढीचा एकटा माणूस. तोच सुकाणू धरायचा, तोच उडी मारून दार उघडायचा, तोच धावत परत यायचा. मेविसने त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात एक अगदी प्रेमळ विचार आला.

आता डेस्मंड कसा होता ते सांगायला हवं. हा माणूस 'आधी तुम्ही' म्हणता म्हणता बसच्या रांगेत शेवटी जायचा आणि स्वतःच वेळ ठरवलेली बस चुकवायचा. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलच्या दारात त्याची गाठ त्याच्यासारख्याच एका माणसाशी पडली. दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत उभे राहिले, आणि मेविस आणि त्या माणसाची बायको आत जाऊन सूप, मासे आणि पुडिंग खाऊन बाहेर आल्या, तरी ते दोघं दारातच होते.

"डेस," मेविस म्हणाली, "बिचारा एकटा आहे रे. त्याला आधी जाऊ दे ना."

डेस्मंडने वेळापत्रकाकडे बघितलं. दाढीवाल्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून एक छोटी लढाई गेली. "आधी तुम्ही," तो म्हणाला.

मेविसने दाढीवाल्याचं दार धरलं, हँडल फिरवलं, आणि वर सांगितलं, "'तीन बगळे'समोर छान जागा आहे हो बांधायला. गेलात की लगेच धरा." चोख काम करायची तिला लहानपणापासून सवय.

पाचव्या लॉकपाशी एक तरुण जोडपं आलं, तान्ह्या मुलीसह. "बाळाची झोपायची वेळ झालीये, डेस." आधी तुम्ही. मग ऐंशी वर्षांच्या मिसेस ऑटिवेल, त्यांच्या एका डोळ्याच्या कुत्र्याला घेऊन. आधी तुम्ही. सातव्या लॉकला दोन बोटी एकापाठोपाठ आल्या. त्यांत दोन सख्ख्या बहिणी होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, चार वर्षं, एका किटलीवरून.

"तिला सांगा, तिची दोरी सुटलीये," मागची बहीण मेविसला म्हणाली.

"तिला सांगा, मला दिसतंय," पुढची म्हणाली.

"एकीला पाठवून दुसरीला थांबवलं तर बरं दिसेल का, डेस?" मेविस म्हणाली. दोघीही गेल्या.

आठव्या लॉकला एक पाद्री आला. उद्या रविवार आणि प्रवचनाची एकही ओळ लिहून झाली नव्हती. नवव्याला एक टक्कलवाला गृहस्थ आला. त्याला काहीही अडचण नव्हती, तो मजेत होता. मेविसने त्याला अडचण शोधून दिली.

"तुमचा चेहरा जरा पांढरा दिसतोय."

"माझा? नाही हो, मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत माणसं असंच म्हणतात. डेस, ह्यांना बरं नाहीये."

"आधी तुम्ही," डेस्मंड म्हणाला. आता त्याचा आवाज लांबून कुठूनतरी आल्यासारखा वाटत होता.

पण या सगळ्यात एक गडबड होत होती, आणि मेविसच्या ती फार उशिरा लक्षात आली. प्रत्येक बोटीला वर चढायला पंधरा मिनिटं लागायची. पंधरा मिनिटं दाराला पाठ लावून उभं राहिलं की माणसं बोलतात. दाढीवाल्याने तिला दाराला रेटा कसा द्यायचा ते शिकवलं, हाताने नाही, बुडाने. बाळाच्या आईने बाळ तिच्याकडे दिलं, आणि मेविसने एका हाताने बाळ धरून दुसऱ्याने हँडल फिरवलं. मिसेस ऑटिवेलनी त्यांच्या बोटीच्या टपावरची डेलिया दाखवली. मेविसच्यापेक्षा मोठी, थेट टपावर, कुंड्यांत.

"टपावर? वाऱ्याने मोडत नाहीत?"

"अगं, वाऱ्याशी पटवून घेतलंय त्यांनी," मिसेस ऑटिवेल म्हणाल्या. "तू तुझ्या बोटीवर लाव, मी तुला कंद देते. कुठे बांधतेस बोट?"

"माझी नाहीये बोट," मेविस म्हणाली, आणि ते वाक्य तिला तोंडात उगाचच कडू लागलं.

अकरावं लॉक चढल्यावर तिने मागे वळून बघितलं. अकरा हौद उन्हात पायऱ्यांसारखे खाली गेले होते आणि सगळी दारं तिने ढकललेली होती. हाताला फोड आले होते. खिशात रुबार्बच्या जॅमची बाटली, डेलियाचा कंद आणि दोन्ही बहिणींचे पत्ते होते. एका दिवसात ती जेवढं बोलली, तेवढं गल्लीत एकोणीस वर्षांत बोलली नव्हती.

तिला बोट हवी होती.

आणि आता ते बोलून दाखवायचं म्हणजे जीव जाण्याची पाळी. दोन वर्षं ती 'नाही' म्हणत होती. शेजारणीला, बहिणीला, खाटकाला, सगळ्यांना सांगून झालं होतं की डेसला वेड लागलंय. एकच वाट उरली होती. डेस्मंडने पैज जिंकायची आणि तिने नाक मुरडत, नाइलाजाने, शब्दाला जागून बोटीवर जायचं. तिने घड्याळ बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं.

"डेस, जोरात चालव."

"कालव्यात चालण्याच्या वेगानेच जायचं असतं. काठावरच्या लोकांचा चहा सांडतो."

"मग जोरात चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जा."

डेस्मंडने तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि वेग तेवढाच ठेवला.

सहाला वीस कमी असताना 'तीन बगळे' दिसला, आणि त्याच्यासमोर काठाला सात बोटी बांधलेल्या दिसल्या. कोळशाची, बाळाची, कुत्र्याची, बहिणींच्या दोन, पाद्रीबुवांची, आणि टक्कलवाल्याची, जो आता खरंच पांढरा पडून आराम करत होता. सातही बोटींवरून सगळ्यांनी मेविसला प्रेमाने हात केला. बाळाचाही हात कोणीतरी हलवला.

डेस्मंडने इंजिन हळू केलं. "सात जागा," तो म्हणाला. "सात बोटी." तो चिडला नाही. त्याने वेळापत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. एकतीस वर्षांत त्याने वेळापत्रकाची घडी घातलेली मेविसने बघितली नव्हती. "जाऊ दे, मेव्ह. तुझी डेलिया वाचली."

 मेविस बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि काठाकडे बघत राहिली. आणि तेव्हा तिला दिसलं.

त्या मुलखात माणसं एकमेकांना चिकटून बसत नाहीत. रिकाम्या बसमध्येही दोन सीट सोडून बसतात. तशाच बोटीही बांधल्या होत्या, प्रत्येकीच्या मध्ये सभ्य माणसाने सोडावी तेवढी मोकळी जागा. दोन बहिणींच्या मध्ये तर गाय बांधता आली असती.

"अहो दाढीवाले," मेविसने हाक मारली, "जरा सरकता का?"

दाढीवाल्याने उडी मारली. त्याने खुंट्या उपटल्या, बोट पुढे ओढली. त्याच्या मागे बाळाचा बाप, मग पाद्रीबुवा बाह्या वर करून. मिसेस ऑटिवेल हातात हातोडा घेऊन सगळ्यांना हुकूम सोडत होत्या आणि कुत्रा ते हुकूम पुन्हा सांगत होता.

"तिला सांगा, आणखी पुढे घे," मागची बहीण म्हणाली.

"तूच सांग की मला, तोंड आहे ना तुला," पुढची म्हणाली, आणि चार वर्षांनी त्यांचं भांडण समोरासमोर सुरू झालं. दोघींनाही बरं वाटल्यासारखं दिसलं.

सहाला पाच कमी असताना शेवटाला एक जागा मोकळी झाली. डेस्मंडने बोट आत घातली, मेविसने दोरी फेकली, खुंटी ठोकली. टाळ्या पडल्या. मेविस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं. जिंकलास. आता काय, मला मेलीला राहावं लागणार बोटीवर."

डेस्मंड मात्र काठावर उतरून बोटीच्या टोकाशी वाकला होता. तिथे एक लाकडी खांब होता आणि त्यावर पाटी : या पाटीपलीकडे बोट बांधू नये. डेस्मंडने खिशातून मोजायचा टेप काढला.

"एक फूट बाहेर आहे," तो म्हणाला.

"एक फूट म्हणजे काय, डेस. एक फूट म्हणजे काहीच नाही."

"नियम आहे. ठरलेल्या जागी, असं तूच लिहिलंयस. आपण पाटीच्या बाहेर आहोत. मी हरलो, मेव्ह." तो सरळ उभा राहिला. "मी आत जाऊन टेबल आहे का बघतो. पाई तरी खाऊ."

तो रस्ता ओलांडून पबमध्ये गेला. मेविस पाटीकडे बघत राहिली. पाटी तिच्याकडे बघत राहिली. मग मेविसने बुडाने रेटा दिला, दाढीवाल्याने शिकवला होता तस्सा. खांब हलला. दोन हेलकावे, आणि तो दातासारखा उपटून हातात आला.

उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे सहा वाजत आले तरी सूर्य चांगला वर होता आणि सगळं लख्ख दिसत होतं. पण सातही बोटींवरच्या माणसांना अचानक दुसरीकडे बघावंसं वाटलं. दाढीवाला ढग मोजू लागला. पाद्रीबुवांना समोरच्या काठावर बदकं दिसली आणि त्यांनी ती बाळाला दाखवली. बहिणींनी भांडण थांबवून एकमेकींच्या बुटांची चौकशी केली. मिसेस ऑटिवेल तेवढ्या हातोडा पुढे करून म्हणाल्या, "हा जड आहे, हा घे."

डेस्मंड बाहेर आला तेव्हा मेविस केस सारखे करत होती.

"पुन्हा मोज," ती म्हणाली. "या वयात डोळ्यांवर विश्वास ठेवू नये."

डेस्मंडने मोजलं. पाटी बोटीच्या टोकापासून सहा इंच पलीकडे होती. त्याने पाटीकडे बघितलं, तिच्या बुडाशी असलेल्या ताज्या मातीकडे बघितलं, मेविसच्या नखांकडे बघितलं. एकतीस वर्षं प्रामाणिक वेळापत्रकं केलेला माणूस तो. त्याच्या चेहऱ्यावरून पुन्हा एक छोटी लढाई गेली.

"माझंच चुकलं असेल," तो म्हणाला, आणि टेप गुंडाळला. मग पबच्या दारात थांबून म्हणाला, "आधी तू."

टेबल खिडकीपाशी होतं. पबचा मालक पर्सी, साठीचा जाडजूड माणूस, दोन पाई घेऊन आला आणि मेविसच्या पुढे ठेवताना जरा वाकला.

"बाई, खांब नीट खोल ठोकलात ना? मागच्या महिन्यातल्या बाईंनी अर्धवट ठोकला होता, वाऱ्याने पडला."

डेस्मंडने काटा खाली ठेवला. मेविस वाटाण्यांकडे बघत म्हणाली, "कसला खांब?"

"असंच म्हणतात सगळ्या," पर्सी म्हणाला आणि ग्रेव्हीचं भांडं त्यांच्या मध्ये सरकवलं. "मी लहान होतो ना, तेव्हा इथे तीनच बोटी मावायच्या."