उधव्याच्या हळदीची टेप

लग्न होऊन मी डहाणूला आले तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे. नाशिकची मुलगी, अकरावी पास, त्यात चष्मा. अशा मुलीच्या हातात कोणी यंत्र देऊ नये. रमणभाईंनी दिलं, आणि मी त्यांच्या पहिल्यावहिल्या कॅसेटचं वाटोळं केलं. कसं ते सांगते, पण आधी रमणभाई कोण ते कळायला हवं.

रमणभाई आमचे शेजारी. समुद्राकडे जाताना सुरूच्या झाडांच्या अलीकडे आमची दोन घरं. मधे कमरेएवढी भिंत आणि एक चिकूचं झाड, जे नेमकं कोणाचं हे अजून ठरलेलं नाही. हा गृहस्थ कोणाच्याही घरी गेला की उंबऱ्यात थांबतो, एक टाळी वाजवतो, आणि मान तिरकी करून तिचा आवाज कुठे कुठे जातो ते ऐकतो. मग निदान करतो.

"वहिनी, तुमचा हॉल बहु बोलतो. त्या भिंतीला एक गोधडी टांगा, शांत होईल. बरोबर ने?"

हे 'बरोबर ने' दर वाक्याला. उत्तराची वाट न बघता.

समोरचे मास्तर वारले तेव्हाही ते भेटायला गेले आणि उंबऱ्यात सवयीने टाळी वाजली. रडणारी माणसं गप्प झाली. रमणभाई हळूच म्हणाले, "माणूस गेला की खोलीचा आवाज बदलतो." मास्तरीणबाईंना ते कुठेतरी पटलं असावं. त्यांनी पुन्हा रडायला सुरुवात केली, पण जरा हलक्या आवाजात.

धंदा त्यांचा गाण्याचा. स्टेशनजवळ दुकान होतं. आधी कॅसेटी, मग सीड्या, मग मोबाइलच्या कार्डात गाणी भरून द्यायची. दर वेळी जरा बस्तान बसलं की दुनिया पुढे सरकायची आणि दुकानात माल तसाच पडायचा. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. रमणभाई म्हणायचे, "टेक्नॉलॉजीबेन रुसली." टेक्नॉलॉजीला ते बेन म्हणतात. "ती आली की पाट द्यायचा, जायला निघाली की पदर धरायचा नाही. बरोबर ने?"

आता दुकान गेलं. घराच्या मागच्या खोलीत अंड्यांचे ट्रे आणि गोणपाट ठोकून स्टुडिओ केलाय. तलासरीकडची लग्नगाणी तिथे रेकॉर्ड होऊन मोबाइलवर फिरतात. आणि रोज सकाळी रमणभाई ब्लॉग लिहितात. 'कॅसेट म्हणजे लग्न. गुंता झाला तर पेन्सिल घालून सोडवता येतो. सीडी म्हणजे साखरपुडा, एक ओरखडा आला की संपलं. मोबाइलवरचं गाणं म्हणजे गाडीतली ओळख. उतरलो, विसरलो.' असं काहीबाही. नातीने माझ्या फोनवर तो ब्लॉग लावून दिलाय. मी वाचते, कारण न वाचून सुटका नाही. चहाचा कप ठेवते न ठेवते तोच भिंतीपलीकडून हाक येते, "वहिनी, वाचलं?"

रमणभाईंच्या घरात एकच माणूस बेसूर होतं, त्यांची बायको मंजुळाबेन. नाव मंजुळा, आणि आरतीला तोंड उघडलं की देवसुद्धा मागे सरकावा. पण बोलायला काय गोड! बोलत बोलत चिकू सोलायच्या, बोलत बोलत झोपायच्या. आणि रमणभाईंचं बोट कायम ओठांवर. "चूप, मंजू. रेकॉर्डिंग चालू आहे." त्या पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळायच्या आणि मला खिडकीतून हातवारे करून राहिलेली गोष्ट सांगायच्या. जाऊन काही वर्षं झाली त्यांना. आमची ती खिडकी आता मी लावूनच ठेवते.

तर ती कॅसेट. माझी नणंद सुशीला, तिचं लग्न उधव्याला आमच्या मूळ घरी होतं. रमणभाईंच्या डोक्यात तेव्हा कॅसेट कंपनी काढायचं शिरलं होतं. आमच्या काशीआत्या हळदीची गाणी म्हणायला लागल्या की मांडवातली पाखरंसुद्धा ऐकत बसायची. ती गाणी टेप करायची ठरली. अडचण एकच. हळदीच्या गाण्यांना बायकांच्यात पुरुषाने बसायचं नाही. ती गाणी पुरुषांच्या कानावर पडण्यासारखी नसतातच, ती पुरुषांबद्दल असतात.

"यंत्र मला द्या," मी म्हटलं. चष्मा वर सरकवून.

रमणभाईंनी मांडवाबाहेर मला शिकवलं. रेकॉर्डिंग लावून थांबवून ठेवलंय. गाणं सुरू झालं की हे बटण दाबायचं, म्हणजे फीत चालू. संपलं की परत दाबायचं, म्हणजे थांबली. "टेप महाग आहे, वहिनी. गप्पांत घालवू नका."

इतकं सोपं. पण हुशार माणसाला खात्री करून घ्यायची असते. मी आत जाऊन बसले आणि बटण चालतंय ना म्हणून आधीच एकदा दाबून बघितलं. झालं. तिथून सगळं उलटं. काशीआत्या गायला लागल्या की मी बटण दाबून फीत थांबवायची, त्या श्वास घ्यायला थांबल्या की चालू करायची. लाल दिवा आपला लागलेलाच. दुपारभर मी अशी ऐटीत बसले होते, जणू विमान चालवतेय.

दुसऱ्या दिवशी दुकानात चार माणसं बोलावून रमणभाईंनी टेप लावली. गाणं एकही नाही. खोकले, बांगड्या, "अगं त्या पोराला उचल", "हळद गालाला लाव, डोळ्याला नको". आणि माझा आवाज, खणखणीत: "सासूबाई तूप वाढताना डोळे मिटतात, चमचा रिकामा आहे हे आपल्यालाही दिसू नये म्हणून." त्यावर हशा. पुढे, "नवरदेवाचे कान बघितलेस का? सुशीलाला उन्हाळ्यात पंखा नको."

रमणभाईंनी मुकाट्याने टेप काढली. रागावले नाहीत. काशीआत्या पुढच्या वर्षी गेल्या, कंपनी निघाली नाही, आणि मी आजवर कुठल्याही यंत्राचं बटण एकदाच दाबते.

मागच्या आठवड्यात ब्लॉगवर वाचलं: 'उधव्याच्या हळदीची टेप सापडली. आमच्या धंद्यातली सगळ्यात मौल्यवान वस्तू. मंगळवारी सर्वांना ऐकवणार.'

माझा चहा गार झाला. सासूबाई वरून ऐकतील ते एक वेळ चालेल. पण सुशीला चिंचणीला आहे, आणि तिचे ते कान, म्हणजे तिचे मिस्टर, दोन वर्षांपूर्वी वारले. माझी ती लाडकी मैत्रीण. आता या वयात तिने मोबाइलवर माझा तो खणखणीत आवाज ऐकायचा?

मी भिंतीला वळसा घालून तडक स्टुडिओत गेले. दुपारची वेळ, सुरूंमधून वारा वाहत होता, समुद्र झोपेत कूस बदलावी तसा मधूनच वाजत होता. आत रमणभाई एकटे बसलेले. समोर तेच जुनं यंत्र.

"ती टेप पुसा," मी म्हटलं.

"बसा तर खरं, वहिनी."

"बसत नाही. माझा मूर्खपणा आहे त्यात. सुशीला काय म्हणेल?"

रमणभाईंनी यंत्र माझ्याकडे सरकवलं. "पुसायची तर तुम्हीच पुसा. हे लाल बटण. पण आधी ऐका."

टेप फिरू लागली. बांगड्या. खोकला. माझे तूप आणि कान येऊन गेले, मी डोळे मिटून घेतले. मग, माझ्या अगदी शेजारून, मऊ, घाईघाईचा, हसू दाबलेला एक आवाज आला. त्या गोणपाटाच्या खोलीत तो कुठे आदळला नाही, जाईच्या वासासारखा नुसता भरून राहिला.

"अगं, बाहेर आमचे हे बसलेत. कोणी चहा दिला का त्यांना? बघ ना जरा. मागणार नाहीत ते. आणि साखर जास्त घाल गं. मला सांगतात कमी घाल, पण आवडते त्यांना."

मंजुळाबेन.

मग माझं बोट बटणावर पडलं असणार, कारण पुढे लगेच दुसरंच कोणी तरी खोकत होतं. रमणभाईंनी टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. अगं, बाहेर आमचे हे बसलेत. ओठांवर त्यांचं बोट नव्हतं. हात मांडीवर उताणे पडले होते.

मी लाल बटणापासून हात काढून घेतला. चष्मा पुसला.

"मंगळवारी टाका," मी म्हटलं. "सुशीलाला मी आधी जाऊन भेटते. तिच्या पाया पडेन, नाहीतर तिला हसवेन."

रमणभाईंनी टेप बंद केली. मग म्हणाले:

"वहिनी, आयुष्यभर मी तिला सांगत आलो, चूप, रेकॉर्डिंग चालू आहे. घरभर टेपा आहेत, एकीतही ती नाही. ही एक तुम्ही बिघडवलीत, म्हणून आहे. बरोबर ने?"