वाऱ्यानं परवानगी घेतली नव्हती

राजारामपुरीत आमच्या शेजारी राहणारे धनाजीराव गवतावर पाय ठेवायच्या आधीही नियम बघतात.

धंद्यानं ते लँडस्केप आर्किटेक्ट. बंगल्यांच्या, हॉटेलांच्या बागा आखण्यात हयात गेली. पण एक दुखणं राहिलंय. "आर्किटेक्टला कायदा हाय, मास्तर. झाडाला बी कायदा हाय. झाड कुठं लावायचं ते ठरवणाऱ्याला न्हाय. कायद्याच्या नजरेत मी हायच कुठं?" हे ते मला सांगतात, दूधवाल्याला सांगतात आणि गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही, "पावणं, जरा थांबा की," म्हणत सांगतात.

कायदा त्यांना ओळखत नाही, पण ते कायद्याला सोडत नाहीत. त्यांच्या शेवग्याची फांदी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली. मी कोयता काढला, तर म्हणाले, "आधी परवानगी काढा." परवानगी यायच्या आत फांदीला शेंगा आल्या. आम्ही त्या आमटीत घातल्या. आता बायको त्या फांदीला चहाची गाळणी अडकवते.

यंदा त्यांच्याच अंगणातल्या आंब्याची फांदी त्यांच्याच रस्त्याकडच्या पत्र्यावर टेकली. झाड तोडण्याआधी नोटीस लावून लोकांच्या हरकती ऐकायच्या असतात. एका फांदीसाठी एवढं करू नका, असं महापालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांनीच सांगितलं. तरी धनाजीरावांनी खोडाला नोटीस बांधली. खिळ्यानं झाडाला इजा होते, म्हणून सुतळीनं. मग अंगणात खुर्च्या मांडून सुनावणी सुरू केली.

समोरच्या आक्का पहिल्या आल्या. "कैऱ्या माझ्या दारात पडत्यात. फांदी गेली तर लोणचं कशाचं घालू?"

"पडत्यात का तुमी पाडताय?"

"दोन्ही."

"नोंद घेतली. चहा घ्या."

मग सदाभाऊ आले. त्यांची रिक्षा त्या सावलीत उभी असते. पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. त्यांनी झाड कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आक्कांच्या हरकतीवर हरकत घेतली. सगळ्यांना चहा मिळाला. निकाल मात्र लागेना. रोज संध्याकाळी पुढची तारीख.

अशात एका दुपारी सोसाट्याच्या वाऱ्यासह वळीव आला आणि फांदी आपली आपण मोडून पडली. प्रकरण मिटलं. लोक यायचे थांबले.

दुसऱ्या संध्याकाळी बघतो, तर धनाजीराव पुन्हा खुर्च्या मांडत होते. मी फाटक उघडून आत गेलो.

"फांदी पडली की. आता सुनावणी कशाची?"

ते फडक्यानं एकच खुर्ची पुसत राहिले. "आमची बायकू वारल्यापास्नं हे फाटक कुणी वाजवलं न्हवतं, मास्तर. नोटीस लावली तवा वाजलं."

मी त्याच खुर्चीत बसलो.

"वाऱ्यानं परवानगी घेतली नव्हती," मी म्हणालो. "माझी हरकत आहे."

धनाजीरावांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"सविस्तर मांडावी लागंल," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.