पाळीव जिवांच्या राज्याची चावडी मोडली, ती हकीकत

श्री. मुक्या जिवांचा आणि अजाण लेकरांचा जो सांभाळ करितो, त्या देवास प्रथम वंदन असो. शके १९२५, सुभानुनाम संवत्सरे, चैत्रमासी एक राज्य वसले, तीन वर्षे नांदले आणि मोडले, त्याचा मजकूर जैसा घडला तैसा लिहितो. कोणा धन्याचे आज्ञेवरून लिहितो ऐसे नाही. मोडते समयी आम्ही तेथे चाकरीस होतो आणि आमचे हातून जे जाहले ते मनातून जात नाही, सबब लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही आणि आपलेही लिहीत नाही.

राज्य संगणकाचे पडद्यावर होते. मुलांनी नाव नोंदवून आत यावे, एक प्राणी निवडावा, त्यास आवडीचे नाव ठेवावे, आणि रोज येऊन त्यास खाऊ घालावे, न्हाऊ घालावे, खेळवावे, ऐसा तेथील रिवाज. उभारणारी माणसे दोन. अच्युतराव खांडके, राहणार ठाणे, हे यंत्राचे जाणते. बरी नोकरी सोडून या कामी पडले. आणि सुलभाबाई टिपणीस, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांनी चाळीस प्राणी आपले हाते काढिले, जे जगात कोठे नाहीत. पंखांचे मुंगूस होते, पाठीवर गवत उगवणारे कासव होते, अंगभर लोकर असलेली घोरपड होती. बाईंनी प्रत्येकाचे चार चेहरे काढिले, हसरा, झोपाळू, रुसलेला आणि खोडकर. आजारी चेहरा काढिला नाही. अच्युतरावांनी कारण पुसले, तेव्हा बाई बोलिल्या की मुले चार दिवस गावाला जातील, परीक्षेत अडकतील, परत येऊन त्यांनी आजारी जनावर का बघावे. अच्युतरावांस ते मानवले, आणि राज्यात कोणी आजारी पडत नसे.

राज्यात एक चावडी होती. तेथे मुले आपले मनातले लिहीत, बहुधा इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि दुसरी मुले उत्तर देत. प्रत्येक मजकूर आधी वाचून मग चावडीवर लावावा, हे काम आमचे. खरे नाव, गाव, शाळा, फोन कोणी लिहिला तर तो खोडावा ऐसा नियम होता. मुलांचे रक्षणाकरिता होता आणि योग्यच होता. त्यामुळे मुले एकमेकांस प्राण्याचे नावानेच ओळखीत. सुलभाबाईही रोज दुपारी चावडीवर येऊन बसत आणि मुले त्यांस चित्रताई म्हणत.

त्या मुलांत मृण्मयी कुडतरकर नामे मुलगी होती, वय वर्षे अकरा, राहणार सावंतवाडी. वडिलांचे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान. शाळा सुटली की ती दुकानातले संगणकापुढे बसे आणि गिऱ्हाईक आले की उठे. तिने लोकरीची घोरपड पाळली आणि तिचे नाव गोधडी ठेविले, म्हणून चावडीवर तीस गोधडीवाली म्हणत. दर शनिवारी ती ‘गोधडी समाचार’ लिही. कोणाचे मुंगसाचे बारसे जाहले, कोणास गणितात कमी गुण पडले म्हणून कोणी त्यास हसू नये, कोणाकडे लहान भाऊ जन्मला, सर्व त्यात येई. तिची मैत्रीण ठिपकेवाली, जिचे कासवाचे नाव ठिपका. हिचे वडील बदलीचे नोकरीत, दोन वर्षांत गाव बदले आणि शाळाही. ती चावडीवर एकदा लिहिती जाहली की आता मला नवीन गावाची भीती वाटत नाही, कारण तुम्ही सगळे तिथेही असता. ते वाचून सुलभाबाईंनी डोळ्यांस पदर लाविला, हे आम्ही समक्ष पाहिले.

राज्य वाढले आणि खर्चही वाढला, आणि दुसरे वर्षी अच्युतरावांची शिल्लक सरली. तेव्हा खाऊचा एक मोठा व्यापारी पुढे आला, आणि त्याचे तर्फे रणदिवे नामे गृहस्थ बोलणी करण्यास आले. माणूस मृदू, हसून बोले, मुलांची चौकशी करी. प्रथम पडद्याचे माथ्यावर खाऊची एक रंगीत पट्टी लागली, तिचे मुलांस काही वाटले नाही. मग राज्यातल्या दुकानी तोच खाऊ आला. खऱ्या पुड्याचे आत एक आकडा छापलेला असे, तो पडद्यावर लिहिला की प्राण्यास शाही खाऊ मिळे आणि प्राणी नाचे. आकडा एकदाच चाले. मुलांस मौज वाटली, आम्हांसही वाटली. मग तिसरे वर्षी, पार्थिवनाम संवत्सरी, दिवाळी उलटल्यावर, रणदिवे पुन्हा आले आणि म्हणाले की ज्या प्राण्यास आठ दिवसांत शाही खाऊ मिळणार नाही तो आजारी दिसावा, एरवी करार पुढे चालणार नाही.

सुलभाबाईंनी साफ नकार दिला आणि दोन दिवस कचेरीत आल्या नाहीत. तिसरे दिवशी अच्युतराव त्यांचे घरी गेले, आम्ही बरोबर होतो. अच्युतराव चहाचा कप हाती धरून बोलिले, “ताई, मी दुसरं सगळं करून पाहिलं. दोन महिन्यांत बंद करावं लागेल. मग त्या ठिपकेवालीला काय सांगायचं, ते तुम्हीच मला सांगा.” नवव्या दिवशी चाळीस आजारी चेहरे काढून त्यांनी आणून दिले. वाईट काढावे म्हटले तरी तो हात वाईट काढीना. घोरपडीची लोकर विस्कटलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि मान पंजांवर टाकलेली, ऐसे हुबेहूब चित्र की आम्ही ते फार वेळ पाहू शकलो नाही.

मग चावडीवर रडारड जाहली. मुले पुसत की माझ्या प्राण्याला काय झाले, मी तर रोज न्हाऊ घालते. सावंतवाडीस तो खाऊ क्वचित मिळे, आणि मृण्मयीची आई गोड फार खाऊ देत नसे, सबब गोधडी नवव्या दिवशी आजारी पडली. तेव्हा ठिपकेवालीने आपल्या पुड्यातला आकडा चावडीवर गोधडीवालीचे नावे लिहून दिला, आणि गोधडी उठून नाचली. ते पाहून दुसऱ्याने दिला, मग तिसऱ्याने, आणि मृण्मयीने यादीच केली की ज्याचा प्राणी सर्वांत जास्त दिवस निजला आहे त्याची पाळी आधी. ज्यांचे घरी पुडे पुष्कळ येत ती मुले आकडे देत आणि ज्यांचे घरी येत नसत ती घेत, आणि कोणी कोणास उणे बोलिला नाही. एक महिनाभर कोणी प्राणी दोन दिवसांवर आजारी राहिला नाही. चावडी इतकी भरली की वाचता वाचता आमचे डोळे दुखत. पुढे तैसे दिवस आमचे चाकरीत आले नाहीत.

मग माघ महिन्यात एका शनिवारी समाचार आला, तो आम्हांस अजून पाठ आहे. “गोधडी खरी आजारी नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले ही जाहिरात आहे, आपण पुडे विकत घ्यावेत म्हणून. म्हणून कोणी घरी हट्ट करू नका. आकडे आहेत तोवर आपण वाटून घेऊ, आणि संपले तरी गोधडी माझीच राहील.” आम्ही वाचले, त्यात नियमाविरुद्ध काही दिसले नाही, आणि चावडीवर लाविले.

सोमवारी रणदिवे तो मजकूर कागदावर छापून घेऊन आले. आवाज चढविला नाही. म्हणाले की हे लेखन आज काढावे. आणि मुले आकडे वाटून घेतात त्यामुळे पुडे खपत नाहीत, सबब चावडीच बंद करावी. सुलभाबाई म्हणाल्या की निदान तीन दिवसांची सूचना द्या, मुलांना एकमेकांचा निरोप घेऊ द्या. त्यावर रणदिवे इतकेच बोलिले, “तीन दिवसांत मुलं काय काय लिहितील, याचा विचार केलात का?” बाईंनी अच्युतरावांकडे पाहिले. अच्युतराव खिडकीबाहेर पाहत होते. मग आम्हांस आज्ञा जाहली. समाचार काढिला, आणि त्या जागी यंत्राने आपले ठराविक वाक्य आपोआप लिहिले की ‘सदर लेखन नियमबाह्य असल्यामुळे काढून टाकण्यात आले आहे.’ आम्ही ते वाचले आणि तैसेच राहू दिले. दुसरे दिवशी, मंगळवारी दुपारी, मुले शाळेत असता, आम्ही आपले हाताने चावडी बंद केली. आम्ही नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ठिपकेवालीचे पत्र कचेरीचे ईमेलवर आले. लिहिले होते की बाबांची पुन्हा बदली झाली आहे, परभणी सोडायची आहे, आणि गोधडीवालीला माझा नवीन पत्ता द्या किंवा तिचा मला द्या, मी कोणाला सांगणार नाही. नोंदवहीत दोघींची खरी नावे आमचे समोर होती. दोघींचे आईबापांस दोन ओळी लिहून त्यांची संमती घेता आली असती. तो विचार मनात आला नाही ऐसे लिहिले तर खोटे होईल. आम्ही उत्तर लिहिले की नियमानुसार अन्य सदस्यांची माहिती देता येत नाही, कळावे. मग तिचे पत्र आले नाही. मुलेही येईनाशी जाहली, कारण निजलेले प्राणी पाहण्यास कोण येईल आणि बोलावयास कोणी उरले नव्हते. मुले नाहीत म्हणून व्यापारी गेला, आणि व्ययनाम संवत्सरी, भाद्रपदात, अच्युतरावांनी राज्य मिटविले, यंत्रे विकिली आणि नोंदवह्या नष्ट केल्या.

पुढे सतरा वर्षे गेली. शके १९४५, शोभननाम संवत्सरी, सुलभाबाईंस वय जाहले होते, त्यांनी आम्हांस बोलावून सांगितले की गोधडीवालीचे नावगाव मला अजून आठवते, सावंतवाडीस जाऊ. गेलो. झेरॉक्सचे दुकान होते तेथेच होते. वडिलांनी ओळख ऐकून घरी नेले, आणि रविवार असल्याने मृण्मयी घरी होती. कुडाळास भूमापनाचे कचेरीत नोकरीस आहे, असे कळले. चित्रताई म्हणताच तिने बाईंस वाकून नमस्कार केला आणि सरबत केले. मग बाईंनी आजारी चेहऱ्यांपासून मंगळवारचे दुपारपर्यंत सर्व सांगितले, आपला वाटा लपविला नाही. आम्हीही आपला सांगितला. मृण्मयी ऐकत होती आणि टेबलावरील पेल्याचे ओले वर्तुळ बोटाने पुशीत होती.

मग ती बोलिली, “नियमबाह्य म्हणून लिहिलं होतं ना, ते मी बाबांना दाखवलंच नाही. मला वाटलं मी काहीतरी वाईट लिहिलंय, आणि माझ्यामुळे चावडी बंद झाली. सगळ्यांची मैत्री माझ्यामुळे तुटली. नंतर शाळेच्या हस्तलिखितातही मी काही दिलं नाही.”

बाई म्हणाल्या, “तुझी काही चूक नव्हती गं, बाळ.”

“ते आता कळतं, ताई. तेव्हा कोणीतरी दोन ओळी लिहायला हव्या होत्या.” ती हे रागाने बोलिली नाही, म्हणून आम्हांस अधिक लागले. मग तिने आम्हांस ठिपकेवालीचे खरे नाव पुसले. आम्ही डोळे मिटून आठवू लागलो. परभणी आठवली, कासव आठवले, पत्रातले शब्दही आठवले. नाव आठवले नाही. मृण्मयी म्हणाली की असू दे, आणि आम्हांस स्टँडपर्यंत पोचवावयास आली.

येणेप्रमाणे राज्य वसले, नांदले आणि मोडले. कोणी शत्रू चालून आला नाही. आज्ञा आल्या आणि त्या मानणारे आम्ही होतो. सुलभाबाई गेल्या पौषात निवर्तल्या. मृण्मयी कुडतरकर इचे माघमासीचे लेखन नियमबाह्य नव्हते. खरे होते. हे त्याच वेळी लिहावयाचे होते, ते आज लिहिले. लेखनसीमा.