माद्रिदचा घाट

मोहिनीचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि अमृतभाऊंनी उत्तर पाठवलं नव्हतं. रनाळ्याच्या वाचनालयात जन्म घालवलेला हा माणूस फोनवर दोन शब्द बोलून "आईला देतो" म्हणायचा. म्हणून लेकीनं लिस्बनहून चक्क हातानं पत्र लिहिलं होतं. नात आता बसायला लागली आहे, तिला बघायला दोघं या. हो की नाही ते तुमच्या हातानं लिहून कळवा, मग तिकिटं काढते. सोबत विमानांच्या वेळा होत्या आणि घोडं तिथंच अडलं.

माद्रिदला विमान बदलायचं होतं. तिथून दहाला निघून लिस्बनला दहा वीसला पोचायचं. परतीला मात्र पाचला निघून सात वीसला. अंतर तेच, पाचशे किलोमीटर. आपलंच वाचण्यात चुकतंय असं वाटून अमृतभाऊंनी कागद मेहुण्याला, भटूला दाखवला.

भटूनं उभी नोकरी तोरणमाळच्या घाटात एसटी चालवली होती. त्यानं कागद लांब धरून एकदाच पाहिला.

"सरळ शे, दाजी. जातांना उतार, येतांना चढाव. माद्रिद वर शे."

अमृतभाऊंनी भीत भीत नकाशांचं पुस्तक उघडलं. माद्रिद खरोखरच पठारावर होतं आणि लिस्बन समुद्राला लागून. पुस्तकच भटूच्या बाजूनं गेल्यावर त्यांनी ते मिटलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या छबूबाईंनी घाटात वळणं किती ते विचारलं. पाचशे किलोमीटर वीस मिनिटांत म्हणजे तो ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत असणार, असं भटूनं सांगितलं. तोरणमाळच्या पहिल्याच वळणावर पिशवी मागणाऱ्या जसोदाबाईंनी बायकोच्या अधिकारात बॅग परत माळ्यावर टाकली.

"माले घाटमा वकाऱ्या येतस. मी त्या इमानमा बसाव नई. अन तुम्ही एकला जावानं नाव काढू नका."

नात मांडीवर यायची राहणार, असं दिसू लागलं. अमृतभाऊ दोन दिवस तो कागद घेऊन बसले. रविवारी ओट्यावर भटू रंगात आला असताना त्यांनी घसा साफ केला आणि लग्नानंतर प्रथमच त्याचं बोलणं मध्ये तोडलं.

"भटू, आमना घरनं घड्याळ कितलं पुढे शे?"

"अर्धा तास. ताईले एसटी चुकाले नको म्हनीसन."

"अन तुन्हं?"

"मन्हं बरोबर. डेपोनं टाइम."

"मंग तुन्ही ताई आमना घड्याळना दहाले निंघनी, पाव तासमा तुन्हा घर पोचनी, ते तठे कितला वाजतीन?"

भटूनं बोटं मोजली. "पावणेदहा," तो म्हणाला. निघण्याआधीच पोचलेली ताई समोरच उभी होती.

लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या तासभर मागे चालतं, अमृतभाऊंनी सांगितलं. विमानाला जातायेता सारखाच वेळ, तासावर वीस मिनिटं.

"घाट नई?" जसोदाबाईंनी विचारलं.

"घाट नई."

"भटूदादा," छबूबाई म्हणाल्या, "आते उतरा खाल."

ओटा हसून हसून बेजार झाला. जसोदाबाईंनी बॅग उतरवली.

दुसऱ्या दिवशी अमृतभाऊंनी एका बैठकीत उत्तर लिहिलं, एकही शब्द न खोडता. पोस्टाच्या पेटीपाशी भटूनं मोटारसायकल आडवी घातली.

"दाजी, टाकाना पहिले एकदा माले दखाडा. काही चुकनं व्हई ते?"

"चुकनं नई," अमृतभाऊ म्हणाले आणि पाकीट पेटीत सोडलं.