चार पेट्या, दोन कठडे, एक टेबल आणि अर्धा पाइप

जाहिरात लिहायला पैसा लागत नाही, अक्कल लागते! आणि ती माझ्याकडे पोत्याने आहे, असं मी आमच्या मालकांना तोंडावर सांगितलं.

मालक म्हणजे न्ताते राम्पाई, तुमच्याकडच्या भाषेत राम्पाईसाहेब. राहतात राजधानीत, मासेरूला, आणि आमच्या डोंगरावरचा बर्फाचा उतार चालवतात. म्हणजे चालवतो मी, ते फोन करतात. यंदा जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, उतारावर नवं पार्क सुरू व्हायचं होतं. पार्क म्हणजे झाडं आणि बाकडी नव्हेत. बर्फावर लोखंडी कठडे मांडायचे, प्लॅस्टिकने मढवलेल्या लांबलचक पेट्या मांडायच्या, आणि सरहद्दीपलीकडच्या पोरांनी पायाला फळ्या बांधून त्यांच्यावरून घसरायचं! बर्फाचाच एक सपाट माथ्याचा ढीग रचायचा, त्याला म्हणायचं टेबल. त्यावरून उड्या मारायच्या. शिवाय बर्फात एक लांब गोल चर कोरायचा, तो अर्धा पाइप. हाडं मोडून घेण्यासाठी इतकी जय्यत तयारी करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

"सेलोमो," मालक फोनवर म्हणाले, "रेडिओवाले जाहिरात लिहून द्यायचे वेगळे पैसे मागतायत."

"एक छदाम देऊ नका! मी लिहितो. अठरा वर्षं बर्फाचा रोजचा अहवाल कोण लिहितंय?"

"तूच. जूनमध्ये 'भरपूर बर्फ' लिहिलंस आणि लोक चिखलातून घसरले."

"पण आले की नाही?"

यावर मालकांनी फोन ठेवला. मी लगेच लिहायला बसलो.

'शनिवारी आमचं नवं पार्क खुलं होत आहे! चार मजबूत पेट्या, दोन लोखंडी कठडे, एक भलंमोठं टेबल आणि अर्धा पाइप! शिवाय सामान निम्म्या किमतीत! जो आधी येईल त्याचा पहिला मान!'

सामान म्हणजे जुने बूट आणि फळ्या. ते कुणालाही कळेल, असं मला वाटलं. बायकोला वाचून दाखवलं. मादिपुओने कणसं सोलता सोलता ऐकलं आणि विचारलं, "यात बर्फ कुठेय?"

"अगं, बर्फ डोळ्यांना दिसतोच. जाहिरातीत नवीन काय ते सांगायचं असतं!"

"बरं बाई," ती म्हणाली. मादिपुओ 'बरं बाई' म्हणते तेव्हा माणसाने थांबायला हवं. मी थांबलो नाही.

जाहिरात बुधवारी आणि गुरुवारी रेडिओवर निधनवार्तांच्या अगदी आधी लागली. त्या वेळेला आख्खा डोंगर कानात प्राण आणून ऐकत असतो. मला वाटलं, काय मोक्याची जागा मिळवली मी!

शुक्रवारी बर्फ कोसळला. साधासुधा नाही. वरून कुणीतरी गोणी फाडल्यासारखा! शनिवारी सकाळी खिंड बंद. पलीकडे गाड्यांची रांग, त्यात मालकांचीही गाडी. मी तिकीटखिडकीवर म्मे मासेफोरांना बसवलं, फावडं घेतलं आणि खिंडीकडे निघालो.

म्मे मासेफोरा, म्हणजे मासेफोराबाई, आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लिहिलेल्या शब्दावर त्यांची इतकी श्रद्धा की औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं असलं तर त्या आधी स्वतःच हलून घेतील. त्यांनी विचारलं, "सेलोमो, काय विकायचं, काय नाही, ते कुठे लिहिलंय?"

घाईत मी जाहिरातीचा कागद त्यांच्या हातात कोंबला. "यात सगळं आहे!"

वाटेत पाहतो तर काय! गावंच्या गावं आमच्या उताराकडे निघालेली. पाठीवर घोंगड्या, पायात गमबूट, कुणी तट्टावर, कुणी गाढवं हाकत. बर्फात गाड्या अडकतात, आमची तट्टं नाही. माझा ऊर भरून आला. अठरा वर्षं ही माणसं कुंपणापलीकडे उभी राहून घसरणाऱ्यांना हसत होती. माझ्या एका जाहिरातीने त्यांना खेळाची गोडी लावली!

तीन गाढवं घेऊन न्ताते फोकाने समोरून आले. खालच्या गावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष.

"सेलोमो, पाइप किती लांबीचा आहे?"

"साठ मीटर!"

"वा! पण अर्धाच का?"

"न्ताते, पूर्ण असता तर आतला माणूस डोकं आपटून मेला नसता का?"

ते थबकले. "माणूस? पाइपात माणूस कशाला शिरेल?"

"लोक त्यासाठीच तर येतात!"

न्ताते फोकाने माझ्याकडे जरा काळजीने पाहत पुढे गेले. मग आल्या म्मे माखोत्सो, गावप्रमुखांच्या मंडळी. तट्टावर ताठ बसलेल्या, घोंगडीला चांदीची पिन. त्या नुसत्या बघतात तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायचं विसरतात.

"टेबल मजबूत आहे ना रे?"

"म्मे, एका वेळी दहाजण नाचले तरी हलणार नाही!"

"दहाजण टेबलावर नाचणार? माझ्या लेकीच्या..." पुढचं वाऱ्यात उडालं. मी आपला हात हलवून ओरडलो, "लवकर जा, गर्दी होईल!"

दुपारी एकपर्यंत आम्ही खिंड उपसत होतो. माझ्या तळहातांना टोमॅटोएवढे फोड आले. शेवटी पलीकडून मालक बर्फात गुडघाभर रुतत आले, तेवढ्यात माझा फोन वाजला. म्मे मासेफोरा.

"अभिनंदन सेलोमो! सगळं संपलं!"

"सगळं?"

"एकूण एक! शेवटच्या पेटीवरून दोघीजणी हमरीतुमरीवर आल्या होत्या. शेवटी मी चिठ्ठ्या टाकल्या."

मला वाटलं, पेटीवरून पहिल्यांदा कोण घसरणार यावरून भांडण! मी मालकांना सांगितलं, "सगळं विकलं गेलं! बायका पेटीसाठी भांडतायत!"

मालकांनी चारचौघांत मला मिठी मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा! म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून सगळ्या जाहिराती तूच लिहायच्या."

खिंड मोकळी झाली. पुढे मालकांची गाडी, त्यात मी, आणि मागे तीस गाड्या, प्रत्येकीच्या टपावर फळ्या. वरात निघाल्यासारखे आम्ही उतारावर पोचलो.

उतार स्वच्छ होता. स्वच्छ म्हणजे पांढराशुभ्र! पेटी नाही, कठडा नाही, खिळासुद्धा नाही. नुसत्या बर्फावर चार रुंद ओढखुणा, सरळ खालच्या गावाकडे गेलेल्या.

"सेलोमो," मालक हळू आवाजात म्हणाले, "माझं पार्क कुठाय?"

मी तिकीटखिडकीकडे धावलो. म्मे मासेफोरा पावतीपुस्तक छातीशी धरून प्रसन्न बसल्या होत्या.

"म्मे, पेट्या कुठे गेल्या?"

"विकल्या. निम्म्या किमतीत. कागदावर तसंच आहे."

"अहो, निम्म्या किमतीत जुने बूट विकायचे होते!"

"बूट?" त्यांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांपाशी नेला. "यात बूट हा शब्दच नाही. निबंध लिहिताना मुख्य मुद्दा गाळायचा नसतो सेलोमो. तुला चौथीतही हेच सांगितलं होतं."

"पण सहा सहा मीटरच्या पेट्या लोकांनी नेल्या कशा?"

"तट्टं जुंपली. इतक्या छान घसरतात त्या बर्फावर! जणू त्यासाठीच बनवल्यात."

मालकांनी डोकं गाडीच्या टपावर टेकलं. टपही थंडच असणार, पण त्यांनी ते उचललं नाही. मागे तीस गाड्यांमधली पोरं खाली उतरली होती. एकाने विचारलं, "पार्क कोणत्या बाजूला आहे?"

"खालच्या बाजूला जात आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. खालच्या वळणावर शेवटची पेटी अजून दिसत होती.

तेवढ्यात न्ताते फोकाने आले. गाढवांच्या पाठीवर आमच्या बर्फ फवारायच्या यंत्राचे नळ बांधलेले!

"न्ताते, हे कुठे घेऊन चाललात?"

"पाइप. पावती आहे. तू सांगितलास तो तर नुसता चर निघाला! पण आम्ही काही बोललो नाही. मागे शोधलं, तर हे सापडले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नकोस. पावतीवर अर्धा लिहिलंय, म्हणून अर्धेच घेतलेत. अर्धे तिथेच ठेवलेत. आम्ही प्रामाणिक माणसं आहोत."

आणि या सगळ्या गोंधळात, बर्फात रोवलेल्या खांबासारख्या, म्मे माखोत्सो उभ्या होत्या. हातात पावती.

"माझं टेबल."

मी बर्फाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं. मग बोटाकडे. मग माझ्याकडे.

"म्मे, याला टेबल म्हणतात. म्हणजे, हे लोक म्हणतात..."

"येत्या शनिवारी माझ्या लेकीचं लग्न आहे. वऱ्हाडाचं ताट मी याच्यावर वाढू? मक्याचा पापा आणि मटण ठेवायचं आणि पाहुण्यांना म्हणायचं, टेबल वितळायच्या आत जेवा?"

तीस गाड्यांमधली पोरं फिदीफिदी हसली. म्मे माखोत्सोंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पोरं गाडीत जाऊन बसली.

रविवारी आम्ही खालच्या गावी चावडीवर गेलो. मालक, मी आणि पावतीपुस्तकासह म्मे मासेफोरा. त्यांना मी आमच्या बाजूने बोलायला नेलं होतं, पण त्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी सत्याच्या बाजूने आहे."

ओढ्यावर आमच्या दोन पेट्या जोडून झकास पूल झाला होता. शाळेची मुलं, म्हाताऱ्या, मेंढ्या, सगळे त्यावरून जात होते. म्हणजे बरेचसे घसरत होते, पण पाण्यात पडून भिजण्यापेक्षा घसरलेलं बरं, असं गावाचं मत होतं. लोखंडी कठडे गुरांच्या गोठ्याला लागले होते. उरलेल्या दोन पेट्यांत एका बाईने धान्य भरायचं ठरवलं होतं, पण झाकण सापडत नव्हतं म्हणून ती माझी वाट पाहत होती.

गावप्रमुखांनी पावत्या एकेक करून पाहिल्या. सगळ्यांवर शिक्का. सगळ्यांवर शुद्धलेखन बिनचूक.

"राम्पाई, विकलेली वस्तू परत मागायची पद्धत मासेरूत आहे का?"

"नाही, पण तीस गाड्या आल्यात! तीन दिवस राहणार आहेत. त्यांना मी काय दाखवू?"

गावप्रमुखांनी थोडा विचार केला. "पोरांना घसरायचंच आहे ना? आमच्या पुलावरून घसरू दे. माणशी पाच मालोती. पण मेंढ्या आल्या की थांबायचं."

आणि खरंच सांगतो, पोरं आली! पुलावरून घसरली, गोठ्याच्या कठड्यावरून घसरली, एकजण थेट शेणात गेला आणि तरीही हात वर करून ओरडला. बायकांनी ओढ्याकाठी चूल मांडून गरम पापा आणि मोरोहोची पालेभाजी विकली. मालकांनासुद्धा स्वतःच्या पेटीवर उभं राहायला पाच मालोती मोजावे लागले! संध्याकाळी पोरं म्हणाली, इतकं भारी पार्क त्यांनी कुठेच पाहिलं नाही. मालकांचा चेहरा जरा सैल झाला. पाइपाचं त्यांनी फोकान्यांशी परस्पर मिटवलं. नळ गावाला राहिले, बदल्यात समिती दर हिवाळ्यात खिंड उपसणार.

मला वाटलं, सुटलो!

"सेलोमो," मालक गाडीत बसताना म्हणाले, "म्मे माखोत्सोंचं टेबल गुरुवारपर्यंत पोचव. नाहीतर शुक्रवारी ऑफिसला येऊ नकोस."

"मी टेबल कुठून आणू?"

"अक्कल पोत्याने आहे ना तुझ्याकडे? पोत्यात बघ."

बुथा-बुथे शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. वऱ्हाडाला पुरेल एवढं टेबल एकाही दुकानात नाही. बुधवारी हात हलवत घरी आलो. आमच्या स्वयंपाकघरात मादिपुओच्या माहेरचं टेबल होतं, पिवळ्या लाकडाचं, आठ माणसं सहज बसतील असं. मी नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिलो. ती माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे आता माझं टेबल?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तिने ओट्यावरचं भांडं जरा जोराने आदळलं, मग घोंगडीच्या टोकाने टेबल पुसून काढलं. कोपऱ्यातला डाग दोनदा घासला. "ने. त्या पोरीच्या लग्नात विघ्न नको. पण पुढच्या वेळी रेडिओवाल्याला पैसे दे."

गुरुवारी मी आणि दोन गाढवं टेबल घेऊन म्मे माखोत्सोंच्या दारात. त्यांनी टेबलाभोवती फेरी मारली. हाताने हलवून पाहिलं. वाकून खालूनही पाहिलं. मग पहिल्यांदाच हसल्या! माझा जीव भांड्यात पडला.

"चांगलं आहे. शब्दाचा पक्का आहेस."

"तुमची कृपा, म्मे!" मी गाढवं वळवली.

"सेलोमो."

"हं?"

"याच्या खुर्च्या मागून येतायत का?"

आता तुम्ही विचाराल, मी नाही म्हणायला हवं होतं ना? तुम्ही त्या बाईंची नजर पाहिलेली नाही! लग्न मात्र थाटात झालं. मादिपुओ अजून माझ्याशी धड बोलत नाही. अक्षर जरा वाकडं आलं असेल तर समजून घ्या, हे सगळं मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, उभ्याउभ्या लिहितोय.